३१५ बोर, पाचशे मॅग्नम आणि सहाशे नायट्रो: दांडगं काडतूस नक्की कोणतं?

कंपूकर (धागाकर्ता)

लग्नाच्या पंगतीत सुरू झालेला वाद आहे, तिथे मिटला नाही म्हणून इथे आणतोय. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी मोबाइलवर स्मिथ अँड वेसनच्या .५०० मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा व्हिडिओ फिरवला आणि वर ऐकवलं, "याच्यापुढे तुमच्या ग्वाल्हेरच्या ३१५ म्हणजे दिवाळीतल्या टिकल्या." मांडवातल्या निम्म्या घरांत ३१५ बोरची रायफल. कोणाला सहन होणार?

माझं म्हणणं असं, की जगातलं ते जहाल रिव्हॉल्व्हर आणि आपल्या गल्लीतली खुंटीला टांगलेली ३१५, दोघांचा जोर जवळपास सारखा आहे. आकडे देतो, मग बोला.

आधी माप ठरवू. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडते तेव्हा तिच्यात किती ऊर्जा असते ते धरायचं, ज्यूलमध्ये. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. शाळेतलंच सूत्र.

कानपूरच्या ३२ बोर रिव्हॉल्व्हरची ऊर्जा १५० च्या आसपास. २०१४ मध्ये गाजावाजा करून आलेलं निर्भीकही त्याच ३२ चं, फक्त वजनाला अर्धा किलो. पोलिसांच्या ९ मिमी पिस्तुलाची ५०० च्या घरात. पुढे मॅग्नम मंडळी: १९३५ चं .३५७ साधारण ७०० ते ८००, १९५५ चं .४४ साधारण १३००. डेझर्ट ईगल पिस्तुलाचं .५० ॲक्शन एक्स्प्रेस २००० च्या आत-बाहेर. .४५४ कॅसुल २४००. आणि २००३ मध्ये आलेलं हे .५०० मॅग्नम: २८.५ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ४९५ मीटर, म्हणजे ३५०० ज्यूल. हलकी गोळी घातली तर ४००० ला टेकतं. रिव्हॉल्व्हरसाठी हा आकडा अचाटच आहे, ते मी नाकारत नाही.

आता आपली ३१५. हे मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं ८ मिमी मानलिखर. १८८८ मध्ये काळ्या दारूचं होतं, लवकरच धूर न करणारी दारू आली. १५.८ ग्रॅमची गोळी, वेग ६२० मीटर, ऊर्जा ३०००. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळातलं काडतूस २००३ च्या राक्षसापेक्षा फक्त सातवा हिस्सा कमी. आणि रायफलींच्या जगात ३१५ ला कोणी ताकदवान म्हणतही नाही! १९०६ चं ३०-०६ घ्या, ते ३९०० च्या आसपास आहे, आणि अमेरिकेत त्याने लोक हरणं मारतात.

खरे दांडगे पुढेच आहेत, मोठ्या शिकारीच्या रायफलींचे. .३७५ हॉलंड अँड हॉलंड ५८००, .४१६ रिग्बी ६९००, .४६० वेदरबी १०,१००, .६०० नायट्रो एक्स्प्रेस १०,३००, .७०० नायट्रो १२,०००, .५७७ टिरॅनोसॉर १३,७००. मशीनगनसाठी जन्मलेलं .५० ब्राउनिंग १७,००० च्या आसपास.

हँडगनचा जोर जिथे संपतो तिथे रायफलींचा जेमतेम सुरू होतो. करा खंडन.

मोरारवाली

वाचतेय. एनसीसीत .२२ चालवायचो, ती तुमच्या हिशेबात कुठे बसते? आणि एक जुनी शंका आहे, कोणी हसू नका. घरी बारा बोर आहे आणि काकांकडे ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर. बाराची नळी बत्तीसपेक्षा जाड कशी? ३१५ ची तर बाराच्या पुढे अगदीच बारीक.

बारा_बोर

मोरारवाली ताई, हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे दोन वेगळी मापं एकाच 'बोर' खाली खपतात, त्याने परवान्यावर सही करणारेही गोंधळतात.

शॉटगनचा बोर मोजणीचा आहे. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. अशी एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोर, व्यास साधारण १८.५ मिमी. सोळा गोळ्या केल्या तर गोळी बारीक, म्हणून सोळा बोर बारापेक्षा लहान. आकडा वाढला की नळी बारीक. उलट ३२ आणि ३१५ हे इंचाचे अंश आहेत, .३२ इंच आणि .३१५ इंच. दोन्ही ८ मिमीच्या आसपासच. तरी एकाची ऊर्जा १५० आणि दुसऱ्याची ३०००, वीस पट. दोन्ही काडतुसं शेजारी उभी करा, कारण दिसेल: ३२ ची पुंगळी करंगळीच्या पेराएवढी, ३१५ ची तिच्या दुपटीहून लांब. दारू कुठे जास्त मावणार?

आणि .२२ साधारण १४० ज्यूल. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल स्पर्धा याच काडतुसावर होतात, त्यामुळे त्याला कमी लेखू नका.

बाकी कंपूकर, ३१५ च्या काडतुसाच्या बुडावर कधी नीट पाहिलंत का? 'केएफ' ही अक्षरं दिसतील. ते आपल्या खडकीचं. रायफल बंगालातल्या ईशापूरची आणि काडतूस खडकीचं. पुण्याच्या पाहुण्यांना सांगा, टिकल्या त्यांच्याच गावच्या आहेत.

कंपूकर

काका, हा मुद्दा पंगतीतच हाताशी असायला हवा होता!

अटकेपार

धागाकर्ते, तुम्ही सोयीने फक्त नेहमीच्या कारखानी हँडगन धरल्यात. ऑस्ट्रियात फायफर झेलिस्का नावाचं रिव्हॉल्व्हर बनलंय, त्यात .६०० नायट्रो एक्स्प्रेसचीच काडतुसं बसतात. हत्तीच्या बंदुकीचं काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये! मग तुमची रेघ कुठे राहिली? हँडगनचा जोर जिथे संपतो तिथे रायफली सुरू होतात म्हणे.

आणि मी पुण्याचाच. टिकल्या आमच्या, उडवता तुम्ही.

कंपूकर

अटकेपार राव, त्या झेलिस्काचं वजन सहा किलो आहे आणि लांबी ५५ सेंटीमीटर. आपली ३१५ त्याहून हलकी पडते. सहा किलोची वस्तू दोन हातांत पुढे धरून नेम धरायचा, त्याला हँडगन म्हणायचं असेल तर म्हणा. शिवाय ते काडतूस लांब नळीच्या दुनळीसाठी बनलेलं. रिव्हॉल्व्हरच्या नळीत दारू पूर्ण जोर लावायच्या आत गोळी बाहेर पडते. १०,३०० हा आकडा तिथे मिळत नाही.

दालबाजार

या न्यायाने जगातली सगळ्यात ताकदवान हँडगन भिंड-मुरैनात बनते. रोज पेपरात असतं, "३१५ बोरच्या कट्ट्यासह दोघे अटकेत". हातात मावतो, रायफलचं काडतूस खातो. स्मिथ वेसनवाल्यांनी पेटंट द्यावं.

बारा_बोर

दालबाजार, गंमत सोडा, यात शिकण्यासारखं आहे. गोळीची ऊर्जा एकटं काडतूस ठरवत नाही, काडतूस आणि नळी मिळून ती ठरवतात. ३१५ ची दारू हळूहळू जळून गोळीला अख्ख्या नळीभर ढकलत न्यावी म्हणून बनवलेली. कट्ट्याची नळी वितभर. त्यात निम्मी आग तोंडाबाहेर जळते, म्हणून तर रात्री कट्ट्याचा एवढा मोठा जाळ दिसतो. गोळीचा वेग किती पडेल याचा नेम नाही. नळीला आटे नाहीत, त्यामुळे गोळी फिरकी न घेता कोलमडत जाते. दहा पावलांवर माणूस उभा असेल तर त्यालाही लागेल याची खात्री नाही, शेजारच्याला मात्र लागू शकते.

आणि दाब? रायफलच्या चेंबरमध्ये ३१५ जो दाब तयार करते तो सोसायला चांगलं पोलाद आणि घट्ट बसणारा बोल्ट लागतो. कट्टा फुटून चालवणाऱ्याचीच बोटं गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. त्याला हँडगन म्हणणं म्हणजे झेलिस्का बनवणाऱ्याचा अपमान आहे.

दालबाजार

+१. काका, हे छापून भिंडला वाटा.

गणितवेडी

सगळे ऊर्जेवर अडून बसलेत. धक्क्याचा हिशेब कोणीच मांडला नाही, आणि माझ्या मते खरा भेद तिथेच आहे. मी मांडते. दारूच्या वायूचाही धक्का बसतो, पण सोपं व्हावं म्हणून फक्त गोळीचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) धरलाय. खरे आकडे यापेक्षा चढे समजा.

.५०० मॅग्नम: ०.०२८५ किलो गुणिले ४९५, संवेग १४.१. तेवढाच संवेग रिव्हॉल्व्हर मागे घेतं. लांब नळीचं मॉडेल साधारण २ किलोचं, म्हणजे ते सेकंदाला ७ मीटर वेगाने तुमच्या कपाळाकडे निघतं. धक्क्याची ऊर्जा ४९ ज्यूल.

३१५: ०.०१५८ गुणिले ६२०, संवेग ९.८. रायफल साडेतीन किलोची धरली तर मागे यायचा वेग २.८ मीटर. धक्का १४ ज्यूल.

.४४ मॅग्नम: संवेग ६.४, रिव्हॉल्व्हर १.३ किलो, धक्का १६ ज्यूल.

बघा म्हणजे, ३१५ ची गोळी .४४ च्या दुपटीहून जास्त ऊर्जा घेऊन जाते आणि धक्का थोडा कमीच देते. तोही मनगटावर नाही, खांद्यावर, दस्त्याच्या रुंद बुडातून. .५०० मॅग्नम ३१५ एवढीच ऊर्जा द्यायला साडेतीन पट धक्का वसूल करतं. कारण सरळ आहे: जड गोळी, मध्यम वेग, हलकं शस्त्र. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, संवेगात फक्त वेग. हलकी गोळी जोरात फेकली की ऊर्जा स्वस्तात पडते, आणि जोरात फेकायला लांब नळी लागते. ती हँडगनकडे नाही.

म्हणून मला वाटतं, हँडगनची सीमा काडतूस बनवणाऱ्याने ठरवलेली नाही, मनगटाने ठरवली आहे. .५०० च्या सिलिंडरमध्ये सहाऐवजी पाचच गोळ्या मावतात, एवढं ते काडतूस जाड. तरी लोक दोन-चार बार काढून ते खाली ठेवतात, असं त्याच व्हिडिओंत दिसतं.

आता मजा बघा. .४६० वेदरबी आणि .६०० नायट्रो, दोघांची ऊर्जा जवळजवळ सारखी, १०,००० च्या वर. पण वेदरबीची गोळी ३२.४ ग्रॅमची आणि वेग ७९० मीटर, नायट्रोची गोळी ५८.३ ग्रॅमची आणि वेग ५९४. संवेग २५.६ विरुद्ध ३४.६. ज्यूल बघून दोघं भाऊ वाटतात, खांद्याला विचारलं तर नाहीत. म्हणूनच .६०० ची दुनळी सात किलोच्या वर ठेवावी लागते.

अटकेपार

गणित कबूल, निष्कर्ष नाही. .५०० मॅग्नमची गोळी १२.७ मिमी रुंद आहे, ३१५ ची ८. रुंद, जड गोळी जवळून मोठं भोक पाडते. अलास्कात अस्वलाच्या भीतीने लोक कमरेला जड रिव्हॉल्व्हर लावतात ते ज्यूल मोजून नाही. कॅलिबरलाही काही अर्थ आहे की नाही?

सुभेदार_निवृत्त

आहे, पण एकट्या कॅलिबरला नाही. साहेब, .५० ब्राउनिंगचा व्यासही १२.७ मिमीच आहे. तुमच्या .५०० मॅग्नमचाही तोच. एकाची ऊर्जा ३५००, दुसऱ्याची १७,०००. फरक पुंगळीच्या लांबीत: ब्राउनिंगची ९९ मिमी, मॅग्नमची ४१. जॉन ब्राउनिंगने ३०-०६ चंच आराखड्यात मोठं रूप करून हे काडतूस घडवलं, अमेरिकी फौजेने १९२१ मध्ये स्वीकारलं, आणि शंभर वर्षं झाली तरी ते चालूच आहे. चौदा किलोची रायफल, पुढे दुपाया, नळीच्या तोंडावर वायू बाजूला फेकणारा ब्रेक, आणि माणूस आडवा. उभं राहून कोणी मारत नाही.

कॅलिबर फसवतं याचं दुसरं उदाहरण इंग्रजांच्या .४५५ वेबली रिव्हॉल्व्हरचं. गोळी साडेअकरा मिमी, १७ ग्रॅमची जाडजूड. वेग १९० मीटर. हिशेब करा, ३०० ज्यूल. ९ मिमीचं पिस्तूल लहान गोळीने त्यापेक्षा जास्त देतं.

तिसरं आपल्या घरचं. तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात विध्वंसक नावाची रायफल बनते. तीच रायफल नळी आणि इतर भाग बदलून १२.७, १४.५ आणि २० मिमी, तिन्हींत चालते. १२.७ मध्ये १८०० मीटरपर्यंत काम करते. आता २० मिमी सगळ्यात मोठं, म्हणून सगळ्यात ताकदवान वाटेल. पण तिचं २० मिमी काडतूस आखूड, ऊर्जा २९,००० च्या अलीकडे. १४.५ हे सोव्हिएत फौजेने १९४१ मध्ये रणगाड्याविरुद्धच्या रायफलींत वापरलेलं काडतूस: ६४ ग्रॅमची गोळी हजार मीटर वेगाने, ३२,००० ज्यूल. लहान कॅलिबर वरचढ. २० मिमीचा फायदा वेगळा, त्या गोळीत स्फोटक भरायला जागा असते.

टेकनपूर आपल्यापासून तासाभरावर. तिथे सीमा सुरक्षा दलातलं कोणी ओळखीचं असेल तर विचारा, जड रायफल उचलून डोंगर चढायला कोण तयार असतं ते. आमच्या वेळी ताकदवान म्हणजे जी शेवटच्या मैलाला टाकून द्यावीशी वाटत नाही ती.

मोरारवाली

सुभेदार साहेब, शेवटचं वाक्य आवडलं. घरच्या बारा बोरला हे लागू आहे, तिला कोणी उचलतच नाही.

जिन्सीनाला

धागा छान चाललाय. (आयडीवरून विचारायच्या आधीच सांगतो, जिन्सी म्हणजे शिंद्यांच्या तोफखान्याचा विभाग, त्यावरून मोहल्ला. तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.)

.४५०, .४६५, .४७०, .४७५ असे जवळजवळ सारखे आकडे नायट्रो एक्स्प्रेसच्या यादीत का भरलेत, हे कोणी विचारलं नाही. उत्तर हिंदुस्थानात आहे. १८९८ मध्ये रिग्बीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणलं, ३१ ग्रॅमची गोळी, ६६०० ज्यूलच्या वर. मोठ्या शिकारीचं तेच प्रमाण झालं. पण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीही .४५० च्याच होत्या आणि त्यातल्या पुष्कळ सरहद्दीवर नको त्या हातांत गेल्या होत्या. शिकारीच्या नावाने आलेल्या गोळ्या तिकडे पोचतील या धास्तीने इंग्रज सरकारने १९०७ च्या सुमारास .४५० ची काडतुसं हिंदुस्थानात आणि सुदानात बंद केली. राजेरजवाडे आणि गोरे साहेब हे तर मोठे गिऱ्हाईक! मग बंदूकवाल्यांनी केसभर इकडे-तिकडे सरकून नवी काडतुसं काढली. हॉलंडने .५००/४६५, लँगने .४७०, कोणी .४७५. ताकद जवळपास तीच, फक्त .४५० च्या नळीत बसू नयेत एवढाच फरक. सरकारी आदेशातून एवढी मोठी पिलावळ निघाल्याचं दुसरं उदाहरण शस्त्रांत मला आठवत नाही.

३१५ चंही तेच. .३०३ फौजेचं, म्हणून बंदी असलेल्या बोरात. मानलिखरचं ८ मिमी आपल्या फौजेत नव्हतं, म्हणून नागरिकांना चाललं. ताकदीत दोघं सख्खे शेजारी, .३०३ साधारण ३१०० ज्यूल. तेव्हा आपल्या चंबळच्या खांद्यावर ३१५ का आली, याचं उत्तर बॅलिस्टिकमध्ये शोधू नका, कायद्यात शोधा. आजही .३०३, ९ मिमी, ७.६२ यांचा परवाना कलेक्टर कचेरीतून मिळत नाही, दिल्लीतून लागतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. त्या काळची दारू म्हणजे कॉर्डाइट, आणि कॉर्डाइट तापलं की दाब चढतो. लंडनच्या थंडीत तपासलेलं काडतूस जूनमध्ये ग्वाल्हेरात, ४५ अंशांत, हौद्यावर दिवसभर तापलं की पुंगळी चेंबरमध्ये चिकटून बसायची. समोर जखमी वाघ आणि हातात न उघडणारी दुनळी. म्हणून नायट्रोवाल्यांनी पुंगळ्या मुद्दाम ऐसपैस केल्या, दाब कमी ठेवला, आणि बुडाला रुंद कड दिली की पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरला धरायला जागा मिळेल. .४७० चा दाब .५०० मॅग्नमपेक्षा बराच कमी आणि ऊर्जा दुप्पट, ६९०० च्या आसपास. लांबलचक काडतूस बघून लोक दबकतात, पण त्यातली बरीच जागा उन्हासाठी सोडलेली आहे. आधुनिक दारूत तीच ऊर्जा याहून लहान पुंगळीत बसते.

अटकेपार

ही माहिती नवीन होती. जिन्सीनाला, वेगळा धागा काढा यावर. मी मात्र .५०० सोडत नाही.

गणितवेडी

दाबाचा मुद्दा माझ्या हिशेबाला पुरवणी आहे. दाब कमी असला तरी तो लांब नळीभर काम करतो. काम म्हणजे बल गुणिले अंतर. वीस सेंटीमीटरच्या नळीने साठ सेंटीमीटरवाल्या नळीशी बरोबरी करायची तर दाब भयंकर वाढवावा लागतो, आणि .४५४ कॅसुल, .५०० मॅग्नमने नेमकं तेच केलंय. त्या सिलिंडरच्या पोलादाला माझा सलाम.

मोरारवाली

मी घरच्या पुस्तकांच्या कपाटातून थोडं शोधलं. 'करामोजो' बेल नावाच्या शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराच्या वर हत्ती मारले, आणि त्यातले बहुतेक .२७५ रिग्बीने, म्हणजे साध्या ७ मिमी माउझरने. ऊर्जा ३१५ एवढीच, कदाचित कमी. तो हत्तीच्या कवटीचा अभ्यास करायचा आणि मेंदूवर एक गोळी. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला भेट मिळाली तीही .२७५ रिग्बीच. मग ६०० नि ७०० कशाला?

वाचताना मळमळलं हेही सांगते. हजार हत्ती. आपल्याकडेही शिवपुरीच्या जंगलात काय कमी झालं? १९७२ च्या कायद्याने हे सगळं थांबलं, आणि तिथल्याच माधव राष्ट्रीय उद्यानाला २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मला वाटतं या मोठ्या काडतुसांचं काम आता संग्रहालयात.

बारा_बोर

ताई, ६०० कशाला याचं उत्तर बेलनेच दिलंय असं समजा: त्याचा नेम सगळ्यांकडे नव्हता. गवतातून हत्ती वीस पावलांवर अंगावर येतो तेव्हा मेंदू शोधायला वेळ नसतो. ५८ ग्रॅमची गोळी कवटीत मेंदूच्या बाजूने गेली तरी जनावर हादरून थांबतं किंवा वळतं, आणि दुसऱ्या नळीची संधी मिळते. ते काडतूस चुकलेल्या नेमाची भरपाई आहे. .७०० चं मात्र समर्थन करता येत नाही. ते १९८८ मध्ये आलं, हत्तींची शिकार जवळपास आटोपल्यावर. श्रीमंतांची हौस. टिरॅनोसॉरचे व्हिडिओ पाहिलेत ना? बार काढणारा एकीकडे, रायफल दुसरीकडे.

नवी_सून_लष्कर

मी साताऱ्याची, लग्न होऊन इथे आले. वरातीत गच्चीवरून बार काढतात ते बघून हबकले होते. वर गेलेली गोळी परत येताना धोकादायक असते का? सासरी कोणी सरळ उत्तर देत नाही.

सुभेदार_निवृत्त

सूनबाई, असते. सरळ उभी वर गेलेली गोळी खाली येताना हवेच्या विरोधाने बराच वेग गमावते, पण डोक्यात शिरण्याइतका उरू शकतो. खरा धोका तिरक्या बाराचा. ३१५ ची गोळी तिरकी सुटली तर फिरकी टिकवून किलोमीटरच्या पुढे जाते आणि कुठल्या अंगणात उतरेल सांगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने हर्षफायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. सासऱ्यांना हे माझ्या नावाने सांगा.

वाड्यातली

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. सासरे गेल्यावर आम्ही जुनी खोली आवरतोय. सागवानी पेटीत तीन काडतुसं निघाली, हाताच्या मधल्या बोटाहून लांब. पितळ काळं पडलंय. बुडावर 'कायनॉक' आणि ५००, ४६५ असे आकडे. बंदूक घरात कुठेच नाही, कोणाला आठवतही नाही. हे काय आहे? शोकेसमध्ये ठेवलं तर चालेल का?

जिन्सीनाला

वहिनी, वर लिहिलेलं तेच घरी निघालं की! हे हॉलंडचं .५००/४६५ नायट्रो एक्स्प्रेस. .५०० ची पुंगळी मानेशी आवळून तिच्यात .४६५ ची गोळी बसवलेली. कायनॉक म्हणजे बर्मिंगहॅमची काडतूस कंपनी. कोणा सरदाराच्या दुनळीबरोबर आली असतील. टिपून ठेवण्यासारखी वस्तू आहे, पण फोटो काढून इथे टाकू नका, आणि शोकेसचं नावही नको. परवान्याशिवाय जिवंत काडतूस घरात ठेवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. जुनं आहे, वारशाचं आहे, ही सबब तिथे चालत नाही.

बारा_बोर

आणि वहिनी, कोणा उत्साही भाच्याला पक्कड लावून गोळी उपटू देऊ नका. जुनं कॉर्डाइट आणि बुडातली ठिणगी पाडणारी जुनी टोपी, दोन्हींचा भरवसा नाही. घासून चकचकीत करू नका, उन्हात ठेवू नका, जिथे आहेत तिथेच राहू द्या आणि आधी ठाण्यात फोन करा. सासऱ्यांच्या नावाचा परवाना सापडला तर तो सोबत न्या. जमा करताना पावतीवर काडतुसांची संख्या आणि बुडावरचे आकडे लिहून घ्या. नुसतं 'जुनी काडतुसे' असं लिहून देतील, ते चालवून घेऊ नका.

वाड्यातली

परवाना सापडला, पेटीच्याच तळाशी होता, घडीवर घडी घातलेला. ठाण्यात फोन केला, दुपारी माणूस पाठवतो म्हणाले. जाऊबाईंच्या मुलाला थांबवून घेतलंय सोबतीला. पेटी मात्र मी देणार नाही, सागवान आहे. पापड-कुरडया राहतील तिच्यात.